डावीकडून तिसरा कोण?

जुना फोटो खराब व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात. त्यातल्या माणसांची नावं एका आजारपणात जातात. मुंजीच्या मांडवात ओळीनं उभ्या केलेल्या मुलांपैकी डावीकडून तिसरा कोण, हे सांगू शकणारी अख्ख्या कुटुंबात एखादीच आत्या उरलेली असते. ती गेली की फोटो जिथल्या तिथे राहतो, मुलं मात्र कायमची अनोळखी होतात.

तरीही लहानपणाच्या आठवणी जपायच्या म्हटलं की आपण सुरुवात यंत्रापासून करतो. कुणी स्कॅनर घेतं, कुणी मोठी हार्ड डिस्क घेतं, कुणी सुट्टीत बसून हजारभर फोटो फोनवर चढवतं आणि काम झालं म्हणून निवांत होतं. फोटो अजून दहा वर्षं थांबू शकतात. आत्या थांबेलच असं नाही. म्हणून आधी माणसं बोलती करावीत, कागदांचं मग बघता येईल.

बोलतं करणं वाटतं तितकं सोपं नाही. "काकू, तुमचं लहानपण कसं होतं हो?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: आमच्या वेळी सगळं साधं होतं, पण सुख होतं. हे उत्तर वाईट नाही, पण त्यात काकू कुठेच नाहीत. प्रश्न एवढा मोठा विचारला की माणूस भाषण करतो. लहान, हातात धरता येईल असा प्रश्न विचारला तर तो सांगू लागतो.

सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे घराचा नकाशा. पाठकोरा मोठा कागद घ्या, पेन्सिल समोर ठेवा आणि म्हणा, तुम्ही वाढलात ते घर काढून दाखवा. चित्रकला येत नाही म्हणून आधी आढेवेढे होतील. मग तुम्हीच एक चौकोन काढा आणि मुद्दाम दार चुकीच्या बाजूला दाखवा. पेन्सिल लगेच तुमच्या हातून काढून घेतली जाईल. ओटी, पडवी, माजघर, बाळंतिणीची खोली, परसातली विहीर. चाळ असेल तर दोन खोल्या, सामायिक गॅलरी, मजल्याच्या टोकाचे संडास आणि नळ. एकेक जागा कागदावर आली की तिथला प्रश्न विचारायचा. रात्री इथे कोण झोपायचं? पाहुणे आले की कुणाची गादी बाहेर जायची? नळाला पाणी किती वाजता यायचं आणि रांगेत बादली कोण लावायचं? प्रगतिपुस्तकात लाल रेघ आली तर ते कुठे लपवायचात? स्वयंपाकघरात कुणाला यायला बंदी होती?

शेवटचा प्रश्न जपून विचारा, पण विचारा. घराच्या नकाशात जात, सोवळं, बाई-पुरुष आणि पैसा हे सगळं काढलेलं असतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेल्या माणसाच्या नकाशात पाणवठा कुठे येतो आणि तिथपर्यंतची वाट कुणाच्या दारावरून जात नाही, यातून जे कळतं ते 'तेव्हा परिस्थिती कशी होती' या प्रश्नातून कळणार नाही.

घर झालं की शाळेची वाट काढायला सांगा. वाटेत कुणाचं दुकान, कुत्रं कुठे अंगावर यायचं, चिंचा-बोरं कुठली पाडायची, पावसाळ्यात ओढा भरला की काय करायचं. दोन भावंडं असतील तर दोघांना वेगवेगळे कागद द्या. नकाशे जुळणार नाहीत. मोठ्या भावाच्या कागदावर अंगण लहान असतं आणि धाकटीच्या कागदावर ते मैदानाएवढं असतं. दोन्ही कागद ठेवायचे. कुणाचा बरोबर हे ठरवायचं काम आपलं नाही.

साल मात्र कुणालाच विचारू नका. मागच्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती सोयीनं लिहून टाकली. ज्यांना स्वतःचा वाढदिवस नक्की माहीत नाही, त्यांना आजोळी राहायला गेल्याचं साल कुठून आठवणार? त्याऐवजी सगळ्यांच्या लक्षात राहिलेली घटना हाताशी धरा. पुण्याचं घर असेल तर १२ जुलै १९६१ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली, तेव्हा तुम्ही चालत होतात की कडेवर होतात? साताऱ्या-कराडकडचं असेल तर ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा अंथरुणातून कुणी उचलून बाहेर नेलं? १९७२च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीची चव मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे अजून जिभेवर असणारे लोक आहेत. ती खाताना तुम्ही कितवीत होतात, एवढं विचारलं की साल निघतं. १९७९च्या जुलैत स्कायलॅब हे अवकाशस्थानक डोक्यावर पडणार अशी हवा उठली होती, ती पुष्कळांना आठवते. गिरणगावात वाढलेल्यांच्या आयुष्यात १९८२च्या संपानं सरळ रेघ मारलेली आहे. आठवण रेघेच्या अलीकडची की पलीकडची, हे ते क्षणात सांगतात. गोव्यातल्या घरांत १९ डिसेंबर १९६१च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधीची शाळा आणि नंतरची शाळा अशी वाटणी होते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा, अनंत चतुर्दशीचं विसर्जन होऊन लोक झोपले होते तेव्हाचा. आणि २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला, त्या दिवशी वाटी-चमचा घेऊन रांगेत कोण कोण उभं होतं, हे आज चाळिशीत असलेल्यांना विचारून बघा. हसता हसता अर्धा तास जाईल.

हातात वस्तू दिली तरी असंच होतं. पितळेचा डबा, पाटी, दौत, काचेच्या गोट्या, जुना पाळणा. वस्तू उरल्या नसतील तर पुस्तकं मिळतात. बालभारतीची स्थापना १९६७ची. तिची जुनी पाठ्यपुस्तकं आणि १९७१पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता संगणकावर पाहता येतात. आपल्या चौथीच्या मराठीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पडद्यावर आलं की साठीतला माणूस आधी पुस्तकाचं बोलतो, मग बाईंचं, आणि मग ज्या मित्रानं पुस्तक विकत न घेता वर्षभर याच्याच पुस्तकात डोकं घातलं त्याचं. हा तिसरा टप्पा आपल्याला हवा असतो. तिथपर्यंत जायला वेळ द्यावा लागतो.

रेकॉर्डिंग करताना

यासाठी फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. फोन हातात धरून माणसाच्या तोंडाजवळ नेऊ नका, बोलणारा पत्रकार परिषद असल्यासारखा आवाज लावतो. टॉवेलची घडी टेबलावर ठेवून तिच्यावर फोन ठेवा, बोलणाऱ्यापासून दोन वितींवर. म्हणजे टेबलावर ठेवलेल्या कपाचा दणका रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका. पंखा बंद, टीव्ही बंद, आणि कुकर लावायच्या वेळेला बसूच नका. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव तुम्हीच मोठ्यानं बोला. फाइल पंचवीस वर्षांनी कुणाच्या हाती लागली तर तेवढ्यावर तिला पत्ता मिळेल.

व्हिडिओचा मोह पहिल्या दिवशी आवरा. कॅमेरा दिसला की आजी पदर सावरते, आजोबा सदरा बदलून येतात आणि मग दोघंही शुद्ध पुस्तकी बोलायला लागतात. आवाजाची सवय झाली की चार-पाच मिनिटांचं चित्रीकरण वेगळं घ्यावं: चेहरा, हात, बोलताना मान हलवायची लकब.

एका बैठकीत एकच विषय आणि जास्तीत जास्त पाऊण तास. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, त्याची मांडणी या कामासाठी आदर्श आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना प्रार्थनेनंतर रोज रात्री एक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री, बेचाळीस आठवणी. सलग आत्मचरित्र सांग म्हटलं असतं तर कदाचित कुणीच ऐकलं नसतं. घरातही रविवारी दुपारच्या चहानंतर एक आठवण, असा नेम चालतो. परदेशात असलेल्या भावंडाला व्हिडिओ कॉलवर घ्या, पण रेकॉर्डिंग वेगळ्या फोनवर करा. कॉलमधला आवाज तुटका येतो.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत आकडे मोजा. त्या शांततेत माणूस बहुतेकदा स्वतःहून पुढे बोलतो आणि तेव्हा जे बोलतो ते त्यानं आधी शंभरदा सांगितलेलं नसतं. मधेच "अगं आई, ते तसं नव्हतं" म्हणून दुरुस्ती करणारा जावई किंवा मुलगा खोलीत असेल तर त्याला दूध आणायला पाठवा.

नंतर हे सगळं शब्दशः उतरवून काढायचा संकल्प करू नका. पहिल्याच तासाला तो मोडतो. एका वहीत मिनिटांनुसार नोंद करा: बारा मिनिटं चाळीस सेकंद, विहिरीत पडलेली कळशी, सव्वीस मिनिटं, दादांचा मार. एवढ्या नोंदीवरून हवी ती जागा सापडते. जे फार चांगलं आहे तेवढंच लिहून काढा, आणि लिहिताना बोली दुरुस्त करू नका. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, जे बोललं गेलं ते तसंच. फोन आपोआप मजकूर टंकून देतो, पण बोलीतले शब्द ओळखू न येऊन तो त्यांच्या जागी भलतेच शब्द घालतो, म्हणून मूळ आवाज कधीच पुसू नये. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. १९३४पासून भागाभागानं आलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आजही समोर बसून कुणी सांगावं तशी वाचली जातात, कारण त्या जशा बोलत तशाच लिहीत होत्या.

कुणाला विचारायचं, यातही आपण आळस करतो. घरातल्या कर्त्या पुरुषाची मुलाखत आधी होते आणि बहुतेकदा तिथेच सगळं थांबतं. पण लहानपणी घरात काय चाललं होतं हे थोरल्या वहिनीला जास्त माहीत असतं. ती सोळाव्या-सतराव्या वर्षी या घरात आली, धाकट्या दिरांना तिनं न्हाऊ-माखू घातलं, आणि तिला आजवर कुणी काही विचारलेलं नसतं. शाळा अर्धवट सुटलेला काका, घरी वाढलेली अनाथ भाची, गडी म्हणून राहिलेल्या माणसाचा मुलगा, यांचं लहानपणही त्याच घरात गेलेलं असतं. फलटणच्या बेबी कांबळे यांनी दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांच्या नजरेआड, वर्षानुवर्षं आपल्या वस्तीतलं लहानपण लिहून ठेवलं. त्याचं 'जिणं आमुचं' झालं ते १९८६मध्ये. आपल्या घरातही कुणी तरी असं काही वहीत लिहून ठेवलेलं असू शकतं. सहज विचारून बघावं.

गाणी एकट्यानं आठवत नाहीत

गाण्यांना वेगळी जागा द्यायला हवी, कारण सर्वांत आधी हरवतात ती. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला, कोल्हापूरकडे हादगा, खानदेश-विदर्भात भुलाबाई. मधे पाटावर हत्ती किंवा मूर्ती, भोवती मुलींचा फेर, शेवटी खिरापत ओळखायची. प्रत्येक आळीतली गाणी थोडी वेगळी, आणि कुणाकडेच ती पूर्ण नसतात. एका बाईला बसवून म्हणायला सांगितलं तर दोन कडवी होतात आणि "पुढचं गेलं बाई" येतं. चार बहिणी, जावा, मैत्रिणी एकत्र बसवल्या की एक अडते, दुसरी उचलते, तिसरी म्हणते आमच्याकडे असं नव्हतं, आणि गाणं पूर्ण होतं. म्हणून नवरात्राच्या दिवसांत मुद्दाम बैठक जमवा, फेर धरा, आणि फोन मधे पाटावरच ठेवा. फेर धरल्याशिवाय ठेका सापडत नाही, ठेक्याशिवाय शब्द येत नाहीत.

जात्यावरच्या ओव्यांचं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून सुरू केलं. हजारावर गावांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि २०१७पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या ध्वनीसह येत आहेत. तिथे ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. आपल्या घरच्या संग्रहातही हा शिरस्ता पाळावा: गाणं कुणी म्हटलं, ती कुठे शिकली, कुणाकडून शिकली.

तीच गोष्ट खेळांची. लगोरी, आट्यापाट्या, सागरगोटे, सूरपारंब्या यांचे नियम बोलून सांगता येत नाहीत, खेळून दाखवावे लागतात. सत्तरीतली मावशी सागरगोटे झेलायला बसली की तिची नातवंडं मोबाइल बाजूला ठेवतात. तेवढ्यात चित्रीकरण उरकून घ्यावं.

आठवणी जुळत नाहीत तेव्हा

जुळणार नाहीतच. १९९५ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी चोवीस जणांना लहानपणच्या चार घटना सांगितल्या. तीन घरच्यांकडून विचारून घेतलेल्या खऱ्या, आणि चौथी बनावट: तू पाच वर्षांचा असताना बाजारसंकुलात हरवला होतास. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती न घडलेली घटना थोडीफार किंवा पूर्ण 'आठवली'. साडेतीन वर्षांच्या आधीचं तर बहुतेकांना स्वतःचं असं काही आठवतच नाही. पाळण्यातली आठवण सांगणारा माणूस प्रामाणिक असतो, पण ती आठवण त्याला आईनं दिलेली असते.

यातून घ्यायचं ते एवढंच. प्रश्नातच उत्तर घालू नका. "तेव्हा आजोबा खूप चिडले होते ना?" यापेक्षा "मग आजोबा काय म्हणाले?" बरं. आणि एकाच घटनेच्या दोन हकिगती मिळाल्या तर त्या मिसळून तिसरी गुळगुळीत हकिगत तयार करू नका. ताईच्या मते गाय विकली तेव्हा आई रडली. दादाच्या मते आईनंच विकायला लावली. दोन्ही नावानिशी लिहा. पुढच्या पिढीला त्यातूनच घर कळेल.

काही आठवणी बाहेर येऊ नयेत असंही घरच्यांना वाटतं. लहानपणी गेलेलं भावंड, बापाची दारू, उपाशी झोपलेल्या रात्री, शाळेत वेगळं बसवलेलं, नातेवाइकानंच केलेला अतिप्रसंग. बोलणारा थांबला तर तुम्हीही थांबा. रेकॉर्डिंग बंद करू का, हे विचारा, आणि हो म्हटलं तर खरंच बंद करा. बोलणं पूर्ण झालं तर शेवटी विचारा, हे कुणी ऐकलेलं चालेल? मुलांनी चालेल, सुनांनी नको, मी गेल्यावर चालेल, कुणीच नको. जे उत्तर येईल ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा. कुटुंबाच्या ग्रुपवर अशी गोष्ट चुकूनही जाता कामा नये. आणि एक व्यवहाराचं: घराच्या किंवा जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की त्या दिवसाची बैठक आटोपती घ्या. वाटणी बोलता बोलता लहानपण कुठल्या कुठे जातं आणि सात-बारा उरतो.

आता कागद आणि फोटो

पुष्कळांना वाटतं, कृष्णधवल फोटो जुने म्हणून ते आधी वाचवावेत. उलट करा. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते, ती टिकाऊ. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो रंगद्रव्यांचे. ते अल्बममध्ये अंधारात ठेवले तरी उडतात आणि सगळा वाढदिवस लालसर होऊन बसतो. स्कॅन करायला आधी ते घ्या. नेहमीच्या आकाराच्या फोटोला सहाशे डीपीआय पुरे, पासपोर्ट आकाराच्या छोट्या फोटोला बाराशे. स्कॅनर नसेल तर फोननं काढा: दिवसा, खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर. पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर पाठही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गाव, कुणाची तरी सही, सगळं कामाचं असतं.

चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम फोटोंचे शत्रू आहेत. त्यांतून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोखालून हळूहळू फिरवला तर बहुतेक सुटतात. न सुटले तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न तर करूच नये, काचेवरूनच तिरपी चमक टाळून टिपावा. मूळ फोटोचं लॅमिनेशन कधीही नको. मागे बॉलपेननं नाव लिहिलं तर दाबाचा वण पुढून दिसतो आणि शाई पाझरते. मऊ पेन्सिलनं कडेला लिहावं, आणि गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर फोटो कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहावं. डांबरगोळ्या फोटोंच्या पेटीत टाकू नयेत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने पेटी भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दसऱ्याच्या आसपास, हवा कोरडी झाली की, कसर-वाळवी लागली आहे का हे बघा.

घरात कॅसेट असतील तर त्या आधी शोधा. आजोबांचं भजन, कुणाचं तरी बोबडं बडबडगीत, मुंबईहून गावी बोलून पाठवलेलं पत्र, असं काहीही निघू शकतं. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराकडे न्या. बुरशी नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मगच वाजवा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या चिपा असतात, त्या मोडून टाका. मग तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

फाइलला नाव देताना आधी साल, मग गाव, मग माणसं: १९७४-मिरज-मुंज-आत्या-बंडूकाका. साल अंदाजे असेल तर तसं लिहा. स्कॅन केलेल्या फोटोवर संगणक आजची तारीख टाकतो, त्यामुळे नाव दिलं नाही तर १९७४ची मुंज या महिन्यात झाली असं दिसेल. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावात, दुसऱ्या भावंडाकडे. पेन ड्राइव्ह देवाणघेवाणीला ठीक, साठवणीला नाही. गूगलची फुकटची जागा पंधरा जीबी आहे आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते. म्हणून काकांच्या खात्यात सगळं आणि पासवर्ड फक्त काकांना, ही व्यवस्था धोक्याची. भाचरांपैकी तिशीच्या आतलं कुणी तरी या कामात सुरुवातीपासून घ्या.

वाटायचं कसं

कपाटातल्या हार्ड डिस्कला कुणी उघडून बघत नाही. थोडं थोडं वाटलं तर लोक उत्तर देतात, आणि उत्तर देताना नवीन आठवण देतात. त्यासाठी कुटुंबाचा वेगळा ग्रुप करा, जिथे शुभ सकाळ आणि औषधी वनस्पती चालणार नाहीत. आठवड्याला एकच फोटो आणि एकच प्रश्न. दोनशे फोटो एकदम टाकले तर सगळे अंगठा दाखवतात आणि विसरतात. एक फोटो टाकून "मागे टांग्यात बसलेली बाई कोण?" विचारलं तर दुपारपर्यंत वाद पेटतो. आलेली उत्तरं त्याच दिवशी वहीत किंवा संगणकावर उतरवा. फोन बदलला की गप्पा जातात. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांना आवाजी निरोप पाठवायला सांगा, ते अधिक चांगलं बोलतात. एक तांत्रिक गोष्ट मात्र पाळा: व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. जपायची प्रत 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

मित्रांचं थोडं वेगळं असतं. दहावीच्या बॅचचे मेळावे आता गावोगाव होतात. एकसारखे टी-शर्ट, बाईंचा सत्कार, जेवण, सेल्फी, आणि परत. त्यातला एक तास काढून फळ्यावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढा. कोण कुठे बसायचं, खिडकीशी कोण, शेवटच्या बाकावर कोण. नावं भरता भरता मोकळ्या जागा दिसू लागतात: सातवीनंतर शाळेत न आलेली मुलं, लग्न होऊन आडनाव बदलल्यामुळे फेसबुकवर न सापडलेल्या मुली, ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेला आणि परत न आलेला पोरगा. त्यांचा शोध घ्यायला दोघा-तिघांना तिथेच नेमून द्यावं. पुढच्या मेळाव्यात त्यांच्यातला एक जरी आला तरी वर्गाची हकिगत बदलते.

मुलांना सांगताना 'आम्ही किती सोसलं' हा सूर टाळा, ते कंटाळतात. त्यांना मोठ्यांच्या फजितीच्या गोष्टी आवडतात. बाबा गणितात नापास झाले, आजीनं आंबे चोरले, काकांनी सायकल विहिरीत घातली. अशा गोष्टीतून मूल स्वतःहून पुढचं विचारतं, आणि मग टंचाई, कर्ज, मार हे सगळं त्याच्या प्रश्नातून येतं. त्यांचं स्वतःचं लहानपणही चालू आहे, हेही ध्यानात असू द्या. महिन्याला दहा-बारा फोटो निवडा, नावं द्या, बाकीचे काढून टाका. आणि अंघोळीचे, रडण्याचे फोटो सार्वजनिक टाकू नका. मोठेपणी ते कुणाला दाखवायचे हे त्यांनी ठरवावं.

वर्ष-दीड वर्षात पुरेसं जमलं की एक पुस्तिका काढा. हल्ली पंचवीस-तीस प्रतीही छापून मिळतात. चाळीस पानं पुष्कळ झाली. अक्षर मोठं ठेवा, ज्यांच्यासाठी छापतो आहोत त्यांना चष्मा आहे. छापणाऱ्याला पीडीएफच द्या, नाहीतर त्याच्याकडे फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात. नकाशे तसेच, हाताचे, छापा. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं, आणि जिथे नाव सापडलं नाही तिथे मोकळी रेघ. कुणाच्या तरी हाती प्रत पडेल आणि तो ती भरून पाठवेल.

छपाईला देण्याआधी कच्ची प्रत घरातल्या सर्वांत चिकित्सक माणसाकडे पाठवा. असं माणूस प्रत्येक घरात असतं. ते लाल पेन घेऊन बसेल, तिसऱ्याच पानावर थांबेल, फोन करून म्हणेल की हे असं मुळी झालंच नव्हतं, तुला कुणी सांगितलं हे? वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे जा, टॉवेलची घडी टेबलावर ठेवा आणि रेकॉर्डर चालू करा.